काळ्या पट्टीच्या कारागिरास खुले पत्र

गॅरेजमालक,

तुमचं नाव या पत्रात लिहिलेलं नाही, गॅरेजचंही नाही. पत्र तुम्हालाच आहे हे दोन ओळींत तुमच्या लक्षात येईल. तुमच्याच पद्धतीने धंदा करणारे आणखी कोणी असतील तर त्यांनीही ते स्वतःला आलेलं समजावं, म्हणून पाकिटात न घालता उघड लिहिते आहे.

आमच्या गाडीचं मीटर परवा उघडलं. सस्पेन्शनच्या दिव्याच्या आत जो बारीक एलईडी असतो, त्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवलेली निघाली. नखाएवढा तुकडा. चारही कडा ब्लेडने सरळ कापलेल्या, कुठे सुरकुती नाही, शेजारच्या एबीएसच्या दिव्यावर केसभरही आलेली नाही. मीटर काढताना डॅशबोर्डवर ओरखडा उठू दिला नाहीत, एकही क्लिप तोडली नाहीत, सगळे स्क्रू परत आपापल्या जागी. हात तुमचा साफ आहे, यात वाद नाही. पण या कामाला जेवढा वेळ घालवलात, त्याच्या निम्म्यात साबणाचं पाणी मारून मूळ बिघाड सापडला असता. तेव्हा वेळ नव्हता असं तुम्हाला म्हणता येणार नाही. जमत नव्हतं असंही नाही. इतकं नाजूक काम करणाऱ्याला चाकाच्या आत डोकावून बघणं जमत नाही, हे कोण मानेल?

आता ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझा धाकटा भाऊ गाडी भाड्याने चालवतो. लग्नाच्या तारखा, विमानतळ, देवदर्शन. कर्ज काढून त्याने एक जुनी, मोठी सात सीटर एसयूव्ही घेतली, एअर सस्पेन्शनवाली. पावसाळ्याच्या तोंडावर मीटरवर सस्पेन्शनचा पिवळा दिवा लागला. भावाने गाडी तुमच्याकडे आणली, कारण तो तुम्हाला दादा म्हणतो आणि त्याच्या पहिल्या गाडीचं क्लचचं काम तुम्हीच केलं होतं. तुम्ही स्कॅनर लावलात, कोड पुसलात, दिवा विझला. “सेन्सरचं नाटक आहे रे, टेन्शन नको घेऊस. मोठ्या गाड्यांना असे दिवे लागतातच.” पैसे घेतलेत. दिवा काही दिवसांत परत लागला. या वेळी तुम्ही गाडी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलीत, आधीच्यापेक्षा जास्त पैसे लावलेत आणि बिलावर लिहिलंत, ‘सस्पेन्शन सेन्सर कॅलिब्रेशन’. त्या दिवशी तुमच्या शेडमध्ये शाळेची एक पिवळी व्हॅनही उभी होती, तिचंही मीटर बाहेर काढून बोनेटवर ठेवलेलं होतं, असं भाऊ सांगतो. तिच्याबद्दल नंतर बोलायचं आहे.

आमचा दिवा त्यानंतर लागलाच नाही. भावाने तुमच्यावर विश्वास ठेवला आणि लेण्याद्रीचं भाडं घेतलं.

बदलापूरच्या शिरगावातून निघून बारवी धरणाच्या रस्त्याने मुरबाड, पुढे टोकावडे, मग माळशेज. गाडीत कात्रपचं एक कुटुंब होतं, दोघं सत्तरीच्या पुढचे, मांडीवर एक तान्हं मूल, मागे सामान. घाटात पाऊस आणि धुकं. एका वळणावर गाडीची मागची उजवी बाजू खाली बसली. एकदम धाडकन नाही, कोणीतरी हळूहळू दाबत न्यावी तशी. टायर मडगार्डच्या आतल्या पत्र्याला घासायला लागला, जळक्या रबराचा वास आत आला, आणि उजव्या वळणावर गाडी ज्या बाजूला कलायला नको त्या बाजूला कलायला लागली. माळशेज कोणाला सांगायला नको. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि समोरून नगर-पुण्याचे भाजीचे ट्रक. भावाने पहिल्या गिअरमध्ये गाडी सरकवत सरकवत रुंद जागेपर्यंत नेली. कोणाला खरचटलंही नाही. त्या आजी उतरल्या आणि भावाच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, “घाबरू नकोस बाळा.” त्याला घरी येऊन रात्रभर झोप लागली नाही. तुम्हाला लागली असणार, कारण तेव्हा तुम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

आता त्या दिव्याबद्दल. साध्या गाडीत चाकावर लोखंडी स्प्रिंग असते. या गाडीत तिच्या जागी रबराचा, घड्या पडलेला, हवा भरलेला बलून असतो. कॉम्प्रेसर हवा भरतो, व्हॉल्व्ह ब्लॉक ती चार चाकांना वाटून देतो, प्रत्येक चाकापाशी एक छोटा सेन्सर गाडीची उंची मोजत राहतो, आणि एक कॉम्प्युटर या सगळ्यांचा हिशेब ठेवतो. ही काही कालची करामत नव्हे. अमेरिकेत कॅडिलॅकने १९५७ साली एल्डोराडो ब्रॉमला हवेचं सस्पेन्शन दिलं, आणि गळतीला कंटाळून तिच्या कितीतरी मालकांनी पुढे लोखंडी स्प्रिंगा बसवून घेतल्या. रेंज रोव्हरने १९९२ मध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं एअर सस्पेन्शन आपल्या गाडीत आणलं. तेव्हापासून आजवर या यंत्रणेचं दुखणं बहुतेक वेळा एकच असतं: रबर जुनं होतं, घडीच्या जागी बारीक तडा जातो, हवा झिरपते. झिरपलेली हवा भरून काढायला कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालतो, तापतो, आणि त्याला तापू नये म्हणून विश्रांती घ्यायला लावणारी सोय त्याच्यातच असते. हवा हवी तितक्या वेळात भरत नाही हे कॉम्प्युटरला कळतं. तो कोड नोंदवतो आणि दिवा लावतो.

या टप्प्यावर फक्त बलून बदलायचा असतो. कॉम्प्रेसर अजून शाबूत असतो. पिवळा दिवा या टप्प्यासाठीच आहे. मीटरवरच्या चिन्हांचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ २५७५. त्यातला पिवळा म्हणजे लवकर दाखवा, लाल म्हणजे आत्ता थांबा. पिवळ्याकडे वेळेत बघितलं तर लालची वेळ येत नाही. तुम्ही भावाचा तो मधला वेळ काढून घेतलात. पिवळ्यानंतर पुढे काय झालं असतं हे सांगायला आता मीटरवर काही उरलंच नव्हतं.

बिघाड शोधला तो आमच्या शेजारच्या काकांनी. अंबरनाथच्या एमटीपीएफमधून, म्हणजे मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीतून, निवृत्त झालेले. त्या माणसाला मोजल्याशिवाय बोलायची सवय नाही. फ्लॅटबेडवरून गाडी सोसायटीत उतरली तेव्हा त्यांनी बोनेट उघडायचं नावही काढलं नाही. आधी आत बसले आणि इंजिन सुरू न करता किल्ली फिरवली. गाडीला किल्ली लावली की मीटरवरचे सगळे दिवे क्षणभर लागतात आणि मग एकेक विझतात. दिवे शाबूत आहेत हे गाडी अशा रीतीने रोज तुम्हाला दाखवते. तेल, बॅटरी, एअरबॅग, एबीएस, सगळे लागले. सस्पेन्शनच्या दिव्याचं, शॉकअबसॉर्बरचं चित्र काळंच राहिलं. काकांनी किल्ली तीन-चार वेळा फिरवली, मग भावाला म्हणाले, “हा दिवा गेलेला नाही. ह्याला घालवलाय.”

हे वाचणाऱ्या प्रत्येकाने उद्या सकाळी आपल्या गाडीत बसून एवढं करावं. खर्च शून्य आहे. जुनी गाडी घेताना तर पहिलं हेच करावं, मग रंग आणि सीटकव्हर बघावेत.

मग काकांनी जमिनीपासून मडगार्डच्या ओठापर्यंत नाही, तर चाकाच्या बरोबर मध्यापासून मडगार्डच्या ओठापर्यंत मेजपट्टीने उंची मोजली, कारण टायरमधली हवा कमीजास्त असली तरी हे माप बदलत नाही. पंक्चरवाल्याकडून छोटा कॉम्प्रेसर आणून, रेग्युलेटर लावून चारही बलून सारखे भरून घेतले. रात्री मापं वहीत लिहिली. सकाळी तीन कोपरे जिथल्या तिथे होते, मागचा उजवा चांगला चार बोटं उतरलेला. एकच कोपरा उतरला म्हणजे दोष त्याच बलूनमध्ये किंवा त्याच्या नळीत. दोन्ही मागचे सारखे उतरले असते तर व्हॉल्व्ह ब्लॉकवर संशय घ्यायचा. काहीच उतरलं नसतं आणि तरी दिवा लागत असता तर सेन्सर, वायर, फ्यूज, रिले, अगदी कमजोर बॅटरीसुद्धा, एकेक करून बघायचं. इतकी सरळ वाट आहे ही.

गाडी जॅक-स्टँडवर पक्की टेकवून, चाक काढून, बलूनवर साबणाचं पाणी फवारलं. (हवेच्या भरवशावर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, कधीही जाऊ नये, हेही इथे लिहून ठेवते.) सुरुवातीला काही दिसलं नाही. काकांनी खालच्या घडीतला वाळलेला चिखल ब्रशने काढला आणि पुन्हा पाणी मारलं. घडीच्या आत, दोन रबरं एकमेकांना घासतात त्या रेषेवर, बारीक बुडबुड्यांची ओळ उभी राहिली. एक फुटला की त्याच जागी दुसरा. भाऊ उकिडवा बसून ते बघत होता आणि एक शब्द बोलला नाही.

कॉम्प्रेसर मात्र तोवर गेलेला होता. फुटक्या बलूनमध्ये आठवडेच्या आठवडे हवा भरून त्याच्या पिस्टनची रिंग झिजली, आणि घाटात सात माणसांच्या वजनाखाली त्याने हात टेकले. तुमच्याकडे पहिल्यांदा गाडी आली तेव्हा एका बलूनचं काम होतं. तुमच्या कृपेने आता बलून, कॉम्प्रेसर, त्याचा ड्रायर आणि रिले, शिवाय घासून गेलेला टायर, एवढं सगळं आलं. रिलेही बदलावाच लागतो, कारण तापून त्याचे पॉइंट चिकटले तर नवा कॉम्प्रेसर थांबायचंच विसरतो आणि तोही जळतो. हप्ता भरायचा सोडून भाऊ आता कुर्ल्याच्या बाजारात जुना कॉम्प्रेसर मिळतो का याची चौकशी करतो आहे. मी त्याला नवाच घे म्हणून सांगते आहे, आणि पैसे कुठून आणायचे यावर घरात रोज भांडण होतं आहे.

भाऊ तुमच्याकडे बोलायला आला होता. तेव्हा तुम्ही रस्त्यांवर घसरलात. “आपल्याकडचे खड्डे आणि स्पीडब्रेकर बघितलेत का? असली गाडी इथे टिकणारच नाही.” रस्त्यांबद्दल तुम्ही बोललात त्यात खोटं काही नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल माथ्याचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. आपल्या गल्ल्यांत लोक सिमेंट ओतून हवे तसे उंचवटे बनवतात, आणि त्यावरून जाताना सगळ्यांच्याच पाठीचे आणि गाड्यांचे हाल होतात. पण रस्त्याला जाब विचारायची सोय निदान आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्येच चांगले रस्ते हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भाग धरला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे जीव गेला तर ६ लाख रुपये भरपाई द्यायची, असं ठरवून दिलं. खड्ड्याने बलून फाडला असेल, मान्य. खड्ड्याने दिव्यावर टेप लावली नाही. आणि रस्ते इतके वाईट आहेत हे तुम्हाला ठाऊक होतं, तर चाकाच्या आत आधी बघायला हवं होतं. वाईट रस्त्याच्या गावात मेकॅनिकने जास्त बारकाईने बघायचं असतं.

मग तुम्ही पाण्याचं कारण काढलंत. सेन्सरमध्ये पावसाचं पाणी गेलं असेल. बदलापुरात हे कारण कोणालाही पटतं, म्हणून ते तुमच्या तोंडात तयार असतं. २६ जुलै २००५ चा पूर आपण विसरलेलो नाही. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीचं पाणी रुळांवर येऊन बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, हजाराच्या आसपास माणसं बोटींतून बाहेर काढली, ते सगळ्या देशाने पाहिलं. त्या पाण्यात इथल्या कितीतरी गाड्या बुडाल्या आणि पुढे पुसून-बिसून विकल्या गेल्या. सेन्सरच्या जोडणीत पाणी जातं, तांब्यावर हिरवा गंज चढतो, कॉम्प्युटरला भलती उंची कळते, हे खरंच होतं. म्हणूनच ती जोडणी सुटी करून बघायची असते. तुम्ही ती हात लावून पाहिली नव्हती. काकांनी पाहिली तेव्हा तिच्यावर कंपनीतून आल्यापासूनची धूळ जशीच्या तशी होती, आणि आतल्या पिना चकचकीत. निरपराध सेन्सरवर आळ घेऊन त्याच्या ‘कॅलिब्रेशन’चे पैसे तुम्ही लावलेत.

मला सर्वांत जास्त राग आहे तो कोड पुसल्याचा. टेपचा नंतर. कोड म्हणजे गाडीने स्वतः लिहून ठेवलेली तक्रार. इंजिनाचे कोड इंग्रजी पी अक्षराने सुरू होतात, सस्पेन्शन-ब्रेकचे सी अक्षराने. स्वस्तातल्या बहुतेक स्कॅनरना फक्त पी वाचता येतं. तुमच्याकडचा सी वाचणारा होता. म्हणजे तक्रार तुम्ही वाचलीत. पुष्कळ गाड्यांत कोडबरोबर तो किती किलोमीटरला लागला, तेव्हा वेग काय होता, बॅटरीत किती व्होल्ट होते, हेही नोंदलेलं असतं. दुसऱ्या कोणा मेकॅनिकला त्यावरून अर्ध्या तासात उलगडा झाला असता. एक कागद, एक पेन, किंवा फोनने स्क्रीनचा एक फोटो, एवढंच करायचं होतं, मग खुशाल पुसायचं. तुम्ही न लिहिता पुसलंत. डॉक्टरने पेशंटचे रिपोर्ट जाळून त्याला बरा झालास म्हणून घरी पाठवावं, तसं हे झालं.

आणि याचा भार कोणावर टाकलात तेही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये, ज्याला गाडीतला धोकादायक दोष माहीत आहे किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, असा माणूस ती गाडी रस्त्यावर चालवील तर तो दोषी. घाटात त्या दिवशी काही वाईट झालं असतं तर पोलिसांनी आधी भावाला धरलं असतं. त्याने काय सांगितलं असतं? दिवा लागला नव्हता, साहेब. आणि कोणी विश्वास ठेवला नसता, कारण मीटर कोणी उघडून बघितलंच नसतं. तुमचं बिल त्याच्या खिशात होतं, त्यावर सेन्सरचं कॅलिब्रेशन केल्याचं लिहिलेलं. तुमच्या टेपचा तुकडा आणि त्या बिलाचा कागद, या दोन्हींचे फोटो आता आमच्याकडे आहेत, तारखेसह. मीटर उघडलं त्याचा व्हिडिओही आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटीची तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते, आणि ती आम्ही ठाण्याच्या जिल्हा आयोगात करणार आहोत. तुम्ही परत केलेले पैसे आम्हाला चालतील, पण तेवढ्याने तक्रार मागे घेणार नाही. हे आधीच सांगते, म्हणजे मध्यस्थ पाठवायचे कष्ट वाचतील.

तुमच्याकडे शिकणारी दोन पोरं मी पाहिली आहेत. त्यातला एक उल्हासनगरहून रोज लोकलने येतो, आयटीआय झालेला आहे. तो तुमच्याकडे बघून धंदा शिकतो आहे. दिवा लागला की चाकापाशी जायचं की मीटरपाशी, हे त्याला तुम्ही ज्या दिवशी टेपची गुंडाळी हातात दिलीत त्या दिवशी ठरवून दिलंत. त्याला बोलावून साबणाचं पाणी आणि मेजपट्टी घेऊन एक दिवस शिकवा. तुम्हाला येतं. क्लचचं काम तुम्ही कसं केलं होतंत ते भाऊ अजून सांगतो. ती गाडी पुढे विकली जाईपर्यंत एकदाही अडली नाही. त्या हातांना हे काय सुचलं, हे मला खरोखर कळत नाही, आणि याचं उत्तर मला तुमच्याकडून हवं आहे.

आता ती शाळेची व्हॅन. तिचं मीटर तुम्ही का काढलं होतंत ते मला माहीत नाही. काचेचं काम असेल, केबल असेल, काहीही असेल. पण आमचं मीटर उघडल्यापासून ती माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तुमच्या बिलबुकात तिच्या मालकाचा फोन नंबर असणार. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या गाड्यांचेही असणार. ज्या ज्या मीटरमध्ये तुम्ही टेप लावली आहे त्या प्रत्येकाच्या मालकाला फोन करा, गाडी परत बोलवा, पैसे न घेता टेप काढा आणि दिवा कशाने लागत होता ते कागदावर लिहून द्या. सुरुवात त्या व्हॅनपासून करा. शनिवारपर्यंत तो फोन गेला नाही तर व्हॅनच्या मालकाकडे आणि शाळेत मी स्वतः जाणार आहे, काकांना बरोबर घेऊन.

— शिरगावातील तुमच्या एका गिऱ्हाइकाची बहीण